संगीतरचना व संगणकशास्त्र यांचा संयुक्त अभ्यास

संगीतरचना व संगणकशास्त्र यांचा संयुक्त अभ्यास म्हणजे एकाच विद्यार्थ्याने विद्यापीठीय पातळीवर चाल बांधण्याची विद्या आणि संगणकाची आज्ञावली लिहिण्याची विद्या या दोन्ही परस्परपूरक म्हणून शिकणे होय. संगणकावर गाणे ध्वनिमुद्रित करणे किंवा तयार ताल-तुकडे जुळवून गीत सिद्ध करणे एवढ्यापुरता हा अभ्यास मर्यादित नाही. स्वर, लय, राग व ताल यांचे नियम नेमकेपणाने मांडणे, ते संगणकाला समजतील अशा रूपात लिहिणे, मिळालेला परिणाम कानाने पारखणे आणि त्यातून नवी रचना घडवणे, हे त्याचे मुख्य अंग आहे. युरोप-अमेरिकेत या अभ्यासाला विसाव्या शतकाच्या मध्यापासून विद्यापीठांत स्थान मिळाले. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर बदललेल्या पदवीरचनेमुळे दोन भिन्न विद्याशाखांतील विषय एकत्र घेणे नियमानुसार शक्य झाले आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात या अभ्यासाला आणखी एक अर्थ आहे. अहिराणी व लेवा गणबोलीतील मौखिक गीतांचे स्वर अचूक नोंदवण्यासाठी दोन्ही विद्या जाणणाऱ्या अभ्यासकांची गरज भासते.

व्याप्ती

या अभ्यासाचे साधारणपणे चार भाग मानले जातात. पहिला भाग ध्वनीचा होय. नाद संगणकात आकड्यांच्या रूपाने कसा साठवावा आणि त्याची उंची, तीव्रता व जाती कशी मोजावी हे त्यात येते. दुसरा भाग लेखनाचा असून स्वरलिपी संगणकीय रूपात आणणे हा त्याचा विषय आहे. तिसरा भाग विश्लेषणाचा. उपलब्ध गायन-वादनातून राग, ताल, लय व घराण्याची वैशिष्ट्ये शोधणे हे त्याचे काम. चौथा भाग निर्मितीचा असून नियमांच्या किंवा उदाहरणांच्या आधारे नवी स्वररचना तयार करणे त्यात मोडते. संगीतरचना शिकणाऱ्याला चौथा भाग सर्वांत आकर्षक वाटतो; परंतु पहिल्या तिन्ही भागांचा पाया नसेल तर चौथ्यातून हाती येणारी रचना बहुधा निर्जीव ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पाटण आणि देवगिरी

संगीत आणि गणन यांचा संबंध संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्यातील दोन महत्त्वाची स्थळे खानदेशात व त्याच्या सीमेलगत आहेत. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात पाटण येथे शके ११२८ (इ. स. १२०७ च्या सुमारास) मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आढळते. चांगदेव हे देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात अंकपाश नावाचे प्रकरण आहे. दिलेले अंक किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतील, हा त्याचा विषय.

याच सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव हे श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचे प्रमुख अधिकारी होते. तेराव्या शतकात त्यांनी रचलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीतशास्त्राचा आधारग्रंथ मानला जातो. त्याच्या पहिल्या अध्यायात स्वरप्रस्ताराचे विवेचन आहे. सात स्वर, प्रत्येक स्वर एकदाच घेऊन, ५,०४० निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात. हे सर्व क्रम ठरावीक पद्धतीने लिहून काढण्याची रीत, आणि सगळी यादी न लिहिता तिच्यातील कोणताही क्रम शोधण्याची रीत, अशा दोन्ही रीती ग्रंथात दिल्या आहेत. सातमाळा डोंगररांगेच्या उत्तरेला पाटण आणि दक्षिणेला देवगिरी. एकाच राजवटीत एका ठिकाणी अंकांच्या मांडणीचे अध्ययन चालले होते आणि दुसऱ्या ठिकाणी स्वरांच्या मांडणीचा ग्रंथ सिद्ध होत होता.

खंडमेरूची रीत

शार्ङ्गदेवांची रीत तीन स्वरांच्या उदाहरणावरून समजते. सा, रे, ग या स्वरांचे सहा क्रम प्रस्तारपद्धतीने पुढीलप्रमाणे लिहितात:

१. सा रे ग
२. रे सा ग
३. सा ग रे
४. ग सा रे
५. रे ग सा
६. ग रे सा

यात शेवटचा स्वर सर्वांत सावकाश बदलतो. पहिल्या दोन क्रमांच्या शेवटी ग आहे, पुढील दोहोंच्या शेवटी रे आणि अखेरच्या दोहोंच्या शेवटी सा. आता 'ग सा रे' हा क्रम कितवा, असा प्रश्न केला तर यादी न पाहता उत्तर काढता येते. शेवटी रे आहे, म्हणजे ग शेवटी असलेले दोन क्रम आधी होऊन गेले. उरलेल्या सा व ग यांचा मूळ क्रम 'सा ग' असा आहे. येथे तो उलटा, म्हणजे 'ग सा' असा आहे, म्हणून आणखी एक क्रम मागे गेला. एकूण तीन क्रम आधी झाले. म्हणून हा चौथा.

क्रम देऊन त्याचा अनुक्रमांक काढणे याला उद्दिष्ट म्हणतात आणि अनुक्रमांक देऊन क्रम काढणे याला नष्ट. त्यासाठी लागणारे आकडे खंडमेरू नावाच्या पायरीदार कोष्टकात आधीच मांडलेले असतात: दोन स्वरांसाठी १, तीन स्वरांसाठी २ व ४, चार स्वरांसाठी ६, १२ व १८. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आज हेच कृत्य क्रमचयांच्या प्रकरणात शिकवले जाते. सात स्वरांचा २,०१७ वा क्रम कोणता, हे सांगणारी आज्ञावली पहिल्या वर्षाचा विद्यार्थी काही ओळींत लिहू शकतो.

मात्र ५,०४० क्रम मिळाले म्हणजे ५,०४० चाली मिळाल्या असे होत नाही. त्यांतील कोणता क्रम कोणत्या रागात शोभेल, कोठे थांबावे आणि कोणता स्वर लांबवावा, हे प्रस्तार सांगत नाही. गणन आणि रचना यांतील हा फरक संयुक्त अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे.

स्वरलेखनाचा काळ

संगीत संगणकात आणण्यापूर्वी ते कागदावर यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातील दोन व्यक्तींनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. व्यवसायाने वकील असलेले विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून बंदिशी जमवल्या, रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले आणि एक सुटसुटीत स्वरलिपी रूढ केली. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांची स्वरलिपी वेगळ्या चिन्हांची आहे.

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू आणि तार सप्तकासाठी वर बिंदू देतात. चिन्हे थोडी आणि नियम निश्चित असल्यामुळे ही लिपी संगणकाला शिकवणे तुलनेने सोपे आहे. एका पद्धतीतील बंदिश दुसऱ्या पद्धतीत आपोआप उतरवणारी आज्ञावली तयार करणे, हा दोन्ही विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रारंभिक प्रकल्प आहे.

पाश्चात्त्य विद्यापीठांतील प्रारंभ

यंत्राने संगीत रचावे ही कल्पना एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या विश्लेषक यंत्रावरील टिपणांत मांडली होती. स्वरांमधील संबंध नियमबद्ध करता आले, तर असे यंत्र रचना करू शकेल, असा त्यांचा विचार होता. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाद्वारे ध्वनी निर्माण करणारी आज्ञावली लिहिली. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात लेजरेन हिलर व लिओनार्ड आयझॅक्सन यांनी संगणकाच्या साहाय्याने चार तंतुवाद्यांसाठी 'इलियाक स्वीट' ही रचना सिद्ध केली. हिलर मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते. विद्यार्थिदशेत प्रिन्स्टन येथे त्यांनी रसायनशास्त्राबरोबरच संगीतरचनेचेही शिक्षण घेतले होते. दोन विषय एकत्र शिकलेल्या व्यक्तीकडून नवे क्षेत्र कसे उघडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७५ मध्ये आणि पॅरिस येथे १९७७ मध्ये संगीत व संगणक यांच्या संशोधनाला वाहिलेली केंद्रे सुरू झाली.

भारतीय संगीतावरील कार्य

भारतीय संगीतासंबंधीचे एक महत्त्वाचे प्रारंभिक कार्य तबल्यावर झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स किपेन हे लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांनी बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाच्या सहकार्याने 'बोल प्रोसेसर' ही प्रणाली घडवली. कायद्याचा विस्तार ज्या नियमांनी होतो ते व्याकरणाच्या रूपात संगणकाला द्यायचे, संगणकाने नवे पलटे तयार करायचे आणि ते बरोबर की चूक हे जाणकार वादकाने ठरवायचे, अशी तिची पद्धत होती. वादकाने एखादा पलटा नाकारला की व्याकरणात दुरुस्ती केली जाई. परंपरेत शब्दांत न सांगितलेले अनेक नियम अशा रीतीने स्पष्ट झाले.

बेल यांचा पुढे महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी पुण्यातून चालवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात बेल या कार्यात सहभागी झाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून हा संग्रह 'परी' या ग्रामीण भारतविषयक संकेतस्थळावरून प्रसिद्ध होत आहे. ओवीचा मजकूर, गाणारीचे नाव, गाव, विषय आणि आवाज हे सर्व परस्परांशी जोडून ठेवणे ही मुळात संगणकशास्त्रातील माहितीसंचयाची समस्या आहे. ती सोडवण्यासाठी संगीताची जाण असलेला तज्ज्ञ उपयोगी पडला.

मराठी अभ्यासकांत हरी सहस्रबुद्धे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. संगणकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व पुणे विद्यापीठात अध्यापन केले आणि हिंदुस्थानी रागसंगीताचे संगणकीय विश्लेषण व निर्मिती यांवर संशोधन केले. ख्यातनाम गायिका वीणा सहस्रबुद्धे (१९४८–२०१६) या त्यांच्या पत्नी. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रीती राव यांच्या संशोधनगटाने गायनातील स्वर, राग व तालांग यांच्या विश्लेषणावर विस्तृत काम केले. बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पात (२०११–२०१७) हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचा समावेश होता आणि मुंबईच्या या गटाचा त्यात सहभाग होता.

दोन विषयांची समान भूमी

स्वराचे मोजमाप

संगणक आवाजाचे ठरावीक अंतराने नमुने घेतो. सीडीच्या मानकानुसार एका सेकंदात ४४,१०० नमुने घेतले जातात. या आकड्यांतून आवाजाची आवर्तने शोधून काढली की स्वराची उंची मिळते.

येथेच भारतीय संगीताच्या विद्यार्थ्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. षड्ज सेकंदाला २४० आवर्तनांचा धरला तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार ३०० आवर्तनांचा येतो. कारण त्यांचे गुणोत्तर ५:४ आहे. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या कळफलकावर मात्र तो सुमारे ३०२.४ येतो. हे अंतर लहान असले तरी तयार कानाला ते जाणवते. विद्युत-वाद्ये व संगणक यांना जोडण्यासाठी १९८३ पासून प्रचारात आलेले मिडी हे मानक स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक देते. त्याची मूळ मांडणी कळफलकावर आधारलेली आहे. मींड, आंदोलन किंवा कण दाखवण्यासाठी स्वर वाकवण्याच्या वेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. केवळ स्वरांचे क्रमांक नोंदवले तर दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार एका स्थिर ठिपक्यात आकुंचन पावतो.

नियम आणि त्यांच्या मर्यादा

कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर किती वेळा येतो याचे कोष्टक तयार करून त्यावरून नवी स्वरावली काढणे, ही संगणकीय रचनेची जुनी रीत आहे. तिची मर्यादा भूप व देशकार या रागांवरून स्पष्ट होते. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर लागतात. परंतु भूपाचा वादी गांधार व संवादी धैवत, तर देशकाराचा वादी धैवत व संवादी गांधार. भूपात मन मंद्र-मध्य अंगात रमते, देशकार उत्तरांगप्रधान आहे. केवळ कोणते स्वर आले हे पाहणारा संगणक दोन्ही रागांना एकच समजेल. स्वर किती काळ टिकला, स्वरवाक्य कोठे संपले आणि कोणत्या सप्तकात वावर झाला, हे मोजायला शिकवले तरच भेद उमटतो. हे काय मोजायचे ते संगीत शिकलेला सांगतो, आणि कसे मोजायचे ते संगणक शिकलेला. दोन्ही माहीत असलेल्या विद्यार्थ्याला हा संवाद स्वतःशीच करता येतो.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

संयुक्त अभ्यासात संगीताच्या बाजूने गायन किंवा एखाद्या वाद्याचा नियमित रियाज, रागविचार, तालविचार, स्वरलेखन, बंदिश व गीत यांच्या रचनेची तत्त्वे आणि पाश्चात्त्य स्वरसंवादाची ओळख यांचा समावेश होतो. संगणकाच्या बाजूने आज्ञावलीलेखन, माहितीरचना, कृत्यविचार, संख्याशास्त्र, ध्वनिसंकेतांची प्रक्रिया व यंत्रशिक्षण हे विषय येतात. गणितातील त्रिकोणमिती, गुणोत्तरे, लॉगरिदम व संभाव्यता यांचा दोहोंकडे उपयोग होतो.

या अभ्यासासाठी लागणारी अनेक साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. ध्वनिमुद्रण व संपादनासाठी ऑडॅसिटी, स्वराचा आलेख पाहण्यासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठात घडलेली प्राट ही प्रणाली, गायनावर खुणा करण्यासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर, पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी म्यूझस्कोर, ध्वनिसंश्लेषणासाठी सीसाउंड व प्युअर डेटा, आणि आज्ञा लिहीत लिहीत संगीत वाजवण्यासाठी सॉनिक पाय ही त्यांतील काही. साधा संगणक, बरा ध्वनिग्राहक आणि कानावर लावायचे श्रवणयंत्र एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. तंबोरा व गुरू यांची जागा मात्र ही साधने घेत नाहीत.

शैक्षणिक नियमांतील तरतुदी

पूर्वी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी संगीत हा विषय घेता येणे जवळजवळ अशक्य होते. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील या भिंती शिथिल केल्या. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३–२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून नवी पदवीरचना लागू झाली. तिच्यात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, अन्य विद्याशाखेतील खुले वैकल्पिक विषय, कौशल्यविषय, भारतीय ज्ञानप्रणाली व सहअभ्यासक्रम असे घटक आहेत. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवणारी श्रेयांक अधिकोषाची व्यवस्था २०२१ मध्ये अस्तित्वात आली. तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात साधारण १५ तासांचे अध्यापन अपेक्षित असते आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तासांचे.

दुसरा मार्ग दोन स्वतंत्र पदव्यांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थी दोन अभ्यासक्रम एकाच वेळी पूर्ण करू शकतो. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातील असतील तर त्यांच्या वेळा परस्परांना छेदता कामा नयेत. एक प्रत्यक्ष व दुसरा दूरस्थ अथवा ऑनलाइन असला तरी चालते. पीएच. डी.ला ही सवलत लागू नाही. प्रवेशाचे निकष संबंधित विद्यापीठ ठरवते, म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयाकडे चौकशी करणे आवश्यक असते.

खानदेशातील स्थिती

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाच्या जळगाव येथील परिसरात संगणकशास्त्राची प्रशाळा आहे. जळगाव येथे १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. धुळे येथेही अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालये आहेत.

संगीताचे शिक्षण या भागात प्रामुख्याने गुरुगृही व खाजगी संगीतवर्गांत होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार या परीक्षांची शिडी विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. जळगावशी बालगंधर्वांचे नाते जुने आहे. नारायणराव राजहंस यांनी बालपणी तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे संगीताचे आरंभीचे धडे घेतले होते. शहरातील खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव असून त्यांच्याच नावाने संगीत महोत्सवही भरतो.

दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुणांची तरतूद असल्याने मध्यमेपर्यंत पोहोचणारे विद्यार्थी अनेक असतात. अकरावी-बारावीत विज्ञान शाखा व प्रवेशपरीक्षांची तयारी सुरू झाली की रियाज थांबतो, आणि संगणकाच्या पदवीला प्रवेश घेतल्यावर तो पुन्हा सुरू होतोच असे नाही. सहा-सात वर्षांचा स्वराभ्यास अशा रीतीने वाया जाऊ नये, यासाठी पदवीतील दुय्यम अथवा खुल्या विषयाची तरतूद उपयोगी पडू शकते. प्रत्यक्षात मात्र महाविद्यालयात संगीताचा अध्यापक असेल तरच ती तरतूद विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.

स्थानिक गीतपरंपरा व संगणकीय नोंद

२०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १८.६ लाख नोंदवली गेली. अहिराणी ही तिची प्रमुख बोली. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गौराईची गाणी, श्रावणातील कानबाईची गाणी, भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतची भुलाबाईची गाणी आणि लग्नातील हळदीची गाणी ही या भागाची मौखिक संपत्ती आहे. साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात कोकणा आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी हे सुषिर वाद्य वाजते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी उतरवून घेतल्या होत्या म्हणून १९५२ मध्ये ग्रंथरूपाने येऊ शकल्या. 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांनी बहिणाबाईंच्या कवितेला दिलेल्या चालीमुळे ती घरोघरी पोहोचली. शब्द कागदावर उतरले; पण शेतात व जात्यावर त्या ओव्या ज्या स्वरांत म्हटल्या जात होत्या, ते स्वर कागदावर आले नाहीत. मौखिक परंपरेतील हीच हानी आज टाळता येण्याजोगी आहे.

आजही खानदेशात चाली बांधणारे कमी नाहीत. लग्नातील बँडपथके व अहिराणी गीतांचे निर्माते कळफलक आणि संगणक यांवर नव्या चाली तयार करतात. त्यात लोकगीताचे मूळ स्वर कळफलकाच्या बारा ठरावीक स्वरांत बसवले जातात आणि लय यंत्राच्या समान मात्रांत बांधली जाते. नवी रचना म्हणून यात काही वावगे नाही. परंतु मूळ गीताची नोंद वेगळी राहिली नाही, तर पुढील पिढीला नवे रूपच मूळ वाटू लागते.

अशी नोंद करण्याची रीत पुढीलप्रमाणे असते. गाणारीची संमती घेऊन तिचे नाव, गाव, बोली, प्रसंग व दिनांक टिपावा. साथीच्या वाद्याशिवाय, शक्यतो घरातल्या नेहमीच्या वातावरणात, ध्वनी न आवळणाऱ्या रूपात मुद्रण करावे. गाणारीचा षड्ज तिच्याच गाण्यावरून ठरवावा. तिला पेटीच्या पट्टीत गायला लावू नये. त्यानंतर स्वराचा आलेख काढून त्याशेजारी स्वरलिपी लिहावी आणि दोन्ही गाणारीला ऐकवून तपासून घ्यावीत. गीताचा बोलीतील मजकूर जसा उच्चारला तसाच देवनागरीत लिहावा. अहिराणीच्या लेखनाचे असे नमुने पुरेसे साठले तरच बोलीसाठी उच्चार ओळखणारी संगणकीय साधने तयार होऊ शकतात.

कायदेशीर व तात्त्विक प्रश्न

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार संगीतकृतीचा कर्ता तिचा रचनाकार असतो आणि त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संगणकनिर्मित कृतीच्या बाबतीत ती निर्माण करविणारी व्यक्ती कर्ता मानली जाते, अशी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने झाली. हजारो गीते ऐकवून शिकवलेले यंत्र जेव्हा नवी चाल देते, तेव्हा त्या हजारो रचनाकारांचा वाटा कोणता, हा प्रश्न त्यामुळे पूर्णपणे सुटत नाही. परंपरागत गीताचा तर एक असा रचनाकारच नसतो. कानबाईचे गाणे कोणा एकीचे नाही. ते गावातील सगळ्या बायांचे आहे. त्याचे मुद्रण व्यावसायिक उपयोगासाठी घेताना गाणाऱ्यांचे ऋण कसे मान्य करावे, हा कायद्याइतकाच शिष्टाचाराचा प्रश्न आहे.

यंत्राने रचलेल्या संगीताला रचना म्हणावे काय, याविषयीही दुमत आहे. नियम रचणारा हाच रचनाकार, असे एक पक्ष मानतो. शार्ङ्गदेवांचा प्रस्तार किंवा तबल्याचा कायदा हीसुद्धा नियमांतून विस्तार करण्याचीच उदाहरणे आहेत, असा त्याचा युक्तिवाद असतो. पर्याय निर्माण करणे सोपे असून त्यांतून निवड करणे म्हणजेच रचना, असे दुसरा पक्ष म्हणतो. बोल प्रोसेसरच्या प्रयोगात अंतिम निर्णय उस्तादांच्या कानाकडे होता, ही गोष्ट या वादात वारंवार उल्लेखनीय ठरते.

उपयोजन

दोन्ही विषय शिकलेल्यांना ध्वनिअभियांत्रिकी, चित्रपट व खेळांचे पार्श्वसंगीत, संगीतशिक्षणाची साधने, श्राव्य संग्रहांचे जतन, वाद्यनिर्मिती आणि संगीतविषयक संशोधन या क्षेत्रांत काम करता येते. बंगळूर येथील रॅडेल या उद्योगाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा हे अभियंता व बासरीवादक एकाच व्यक्तीत असल्याचे फळ होते. जुन्या हस्तलिखितांचे क्षेत्रही मोठे आहे. धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी मराठी हस्तलिखितांचा मोठा ठेवा जतन केला आहे. संतपदांच्या बाडांत पदावर रागाचे वा चालीचे नाव लिहिण्याचा प्रघात होता. अशा नावांची संगणकीय सूची झाल्यास कोणती पदे कोणत्या रागांत गाइली जात, याचा शोध घेणे सुलभ होते. अशा सूचीसाठी मोडी व देवनागरी वाचता येणारा, राग ओळखणारा आणि माहितीसंचय रचू शकणारा अभ्यासक लागतो.